आमची वाटचाल : पाळीबदलाची पंधरा मिनिटं

आमची संस्था कोल्हापूरची, चार माणसांची. शिरोली, गोकुळ शिरगाव आणि कागल इथल्या फौंड्री (वितळलेला धातू साच्यात ओतायचे कारखाने) आणि मशीन शॉपमध्ये आम्ही सुपरवायझर आणि लाइन लीडर मंडळींचं कोचिंग करतो. संस्था काढली तेव्हा पाहुण्यांना वाटलं, इंग्लिश स्पीकिंगचा क्लास काढलाय. काही मालकांचाही तोच समज. "आमच्या पोरांना जरा बोलायला शिकवा," म्हणायचे, आणि लगेच पुढचा प्रश्न: हॉटेलच्या हॉलमध्ये अर्ध्या दिवसात होईल ना, जेवणासकट?

तसलं काम आम्ही घेतलं नाही. त्याआधी मी एका फौंड्रीत एचआरला होतो. तिथली बहुतेक भांडणं पाळी बदलताना पेटायची. तीनला पहिली पाळी सुटते. तिचा फोरमन हातपाय धुऊन गाडीकडे निघालेला, दुसरीचा अजून चहावर. साच्याच्या वाळूतला ओलावा दुपारपासून वाढलाय, हे एकाला ठाऊक असतं. दुसऱ्याला ते कास्टिंगमध्ये, म्हणजे ओतलेल्या पिसात, ब्लोहोल (वायूनं पडलेली भोकं) दिसल्यावर कळतं. मग सकाळच्या मीटिंगमध्ये ‘मी सांगितलं होतं’ आणि ‘मला कुणी सांगितलं नाही’. वाळू तपासायला लॅब असते, हा निरोप पोचला का ते बघायला कुणी नसतं.

शिरोलीतल्या पहिल्या कामाला म्हणूनच अट घातली, की कोचिंग फ्लोअरवर होईल आणि पाळीबदलाच्या पंधरा मिनिटांत होईल. फोरमननी नेहमीसारखं बोलायचं, आमच्या माणसानं बाजूला उभं राहून ऐकायचं. नंतर त्या फोरमनला एकट्याला बाजूला घेऊन दोनच प्रश्न विचारायचे: तुम्ही काय सांगितलंत? आणि समोरच्यानं काय ऐकलं असेल? दुसऱ्या प्रश्नाला बहुतेक जण थांबतात. कोचिंग सुरू होतं ते तिथून.

आमच्याकडे माणूस काम शिकला तो बघून आणि शिव्या खाऊन. उद्यमनगरात ऑइल इंजिनं आणि उसाचे घाणे दुरुस्त करता करता हा उद्योग वाढला. मिस्त्रीच्या हाताखाली पोरगं राहायचं, मिस्त्री क्वचितच तोंडानं समजावायचा. त्यातून कसबी मोल्डर, म्हणजे वाळूचे साचे बांधणारे, तयार झाले, यात वाद नाही. पण त्यातल्याच सगळ्यात हुशार मोल्डरला आपण फोरमन करतो, आणि हाताखालच्या वीस माणसांशी बोलायचं कसं, हे त्याला कुणीच सांगत नाही.

अमेरिकेत १९४० साली, युद्धसामग्रीच्या कारखान्यांत नवखी माणसं भरावी लागणार म्हणून, ‘ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री’ हा सरकारी कार्यक्रम सुरू झाला. १९४५पर्यंत त्यात १६ लाखांहून अधिक लोक तयार झाले, आणि युद्धानंतर तो जपानात गेला. काम शिकवण्याच्या त्याच्या चार पायऱ्या आम्ही जशाच्या तशा घेतल्या: माणसाची तयारी करून घ्या, करून दाखवा, त्याच्याकडून करवून घ्या, मग मागोवा ठेवा. चौथी पायरी सगळे गाळतात. वरच्या लोकांसाठी आम्ही ‘ग्रो’ वापरतो: ध्येय काय, आज कुठं आहोत, पर्याय कोणते, पुढं काय करणार. ही पद्धत १९८०च्या दशकात रुळवणाऱ्यांतले जॉन व्हिटमोर आधी मोटार रेसिंगमधले ड्रायव्हर होते. हे सांगितलं की आमच्याकडची पोरं एकदम कान देतात!

सगळ्यात अवघड गाठ वयाची. डिप्लोमा झालेला चोविशीतला सुपरवायझर आणि त्याच्या हाताखाली पन्नाशीचे मामा. कोअर (पिसात पोकळी राहावी म्हणून साच्यात ठेवायचा वाळूचा गाभा) वाकडा बसलाय हे मामांना सांगायचं कसं? पोरगं एक तर गप्प बसतं, नाहीतर सगळ्यांसमोर आवाज चढवतं. आम्ही त्याच्याकडून वाक्यच घडवून घेतो. आधी प्रसंग, मग दिसलेली गोष्ट, मग परिणाम: "मामा, सकाळच्या लॉटमध्ये कोअर एका बाजूला सरकलाय, भिंत पातळ येतेय, पीस मशीनिंगला बाद होतील. काय करूया?" शेवटचा प्रश्न मनापासून विचारायचा. मामांना उत्तर बहुतेक वेळा येत असतं. त्यांना कुणी विचारलेलं नसतं. आणि हो, हे बोलणं चारचौघांत नको, कोल्हापुरात तर नकोच.

कोअर शॉपमधल्या बायकांचं वेगळं. पुरुषांच्या मीटिंगमध्ये त्या मागं उभ्या राहायच्या, एक शब्द बोलायच्या नाहीत. आम्ही त्यांची बैठक त्यांच्याच टेबलाशी घ्यायला लावली. तिथं पहिल्याच आठवड्यात कोअर बॉक्सची झीज, ओव्हनची वेळ, सगळं बाहेर आलं. आता त्यातली एक ताई रोजची बैठक स्वतः चालवते. मालकांनी तिला लाइन लीडर केलं, पण पगारात फरक पडायला त्यांच्यामागं बराच तगादा लावावा लागला. कोचिंगमध्ये हेही येतं असं मी धरतो. सगळे धरत नाहीत.

मालकांशी आमची खडाजंगी एकाच मुद्द्यावर होते. "तो माझ्याबद्दल काय म्हणाला?" एकट्यात झालेलं बोलणं आम्ही सांगत नाही, करारात तसं लिहून घेतो. त्यावरून दोन मोठी कामं हातची गेली. गेली तर गेली.

मार्च २०२०च्या लॉकडाऊननंतर चित्र पालटलं. उत्तर प्रदेश, बिहार, ओडिशाचे कामगार गावी गेले, आणि माणूस टिकवायला काय लागतं याची चौकशी मालक स्वतःहून करू लागले. त्यामुळं आमच्या फोरमनची हिंदी सुधारणं हेही काम झालं. मराठी ‘अरे’ जिव्हाळ्याचा असतो. हिंदीत त्याचा ‘तू’ झाला की गोरखपूरच्या माणसाला अपमान वाटतो. ‘आप’वर यायला आमच्या लोकांना महिने लागले.

सध्या कागलच्या एका मशीन शॉपमध्ये रात्री अकराचा पाळीबदल घेतलाय. आमच्यातलं कुणी जागरणाला खुशीनं तयार होत नाही, म्हणून पाळ्या लावल्यात. या आठवड्यात माझी आहे.