तुम्ही विचारलंत म्हणून: शास्त्र सोडायचं की मुलगा?

"मुलगा गे आहे म्हणतो. आम्ही देवभीरू माणसं. पवित्र शास्त्रात तर स्पष्ट लिहिलंय. मग शास्त्र सोडायचं की मुलगा?" ख्रिस्ती घरांतले आईबाप हे विचारतात, तेही अगदी हळू आवाजात. तुम्हीही विचारलंत म्हणून सांगतो: दोन्हीपैकी काहीच सोडावं लागत नाही. मात्र शास्त्र सावकाश वाचावं लागतं, आणि अवघड वचनं गाळायची नाहीत.

ज्यांचा आधार घेतला जातो ती वचनं मोजकीच आहेत. सदोमाच्या गोष्टीत (उत्पत्ती १९) गावातले पुरुष लोटाच्या पाहुण्यांवर बळजबरी करायला दारावर चालून येतात. हा सामूहिक बलात्काराचा प्रयत्न आहे, दोघांच्या प्रेमाशी त्याचा काय संबंध? यहेज्केल १६:४९ मध्ये सदोमाचा दोष सांगितलाय तो गर्व, भरपूर अन्न, निवांत आराम आणि गरिबाला हात न देणं. पुढच्या वचनात अमंगळ कृत्यांचाही उल्लेख येतो, तोही वाचा.

लेवीय १८:२२ आणि २०:१३ पुरुषाने पुरुषाशी शरीरसंबंध ठेवायला मनाई करतात, हे खरंच. पण २०:१३ देहदंडही सांगतं आणि तो आपण कुणी मागत नाही. म्हणजे लेवीय जसाच्या तसा लागू करत नाही, हे आपण आधीच मान्य केलंय. १ करिंथ ६:९ मधल्या पापी लोकांच्या यादीतला 'मालाकोई' हा ग्रीक शब्द मुळात 'मऊ' या अर्थाचा. मत्तय ११:८ मध्ये तो मऊ वस्त्रांसाठी येतो. त्याच्या जोडीचा 'आर्सेनोकोइताई' इतका विरळा की त्याच्या नेमक्या अर्थावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. १९४६ च्या इंग्रजी रिव्हाइज्ड स्टँडर्ड व्हर्जनने या दोन्हींसाठी मिळून 'होमोसेक्शुअल्स' हा एकच शब्द घातला. १९७१ च्या आवृत्तीत तो बदलला.

सगळ्यात कठीण रोमकरांस पत्राचा पहिला अध्याय. ते लिहिणाऱ्या पौलाला समलिंगी संबंध मान्य होते असं म्हणणं खोटं ठरेल. तो मूर्तिपूजेतून सैल सुटलेल्या वासनेबद्दल लिहितो. जन्मभर एकमेकांची काळजी घेणारं जोडपं त्याच्या डोळ्यांपुढे दिसत नाही. आणि दुसऱ्या अध्यायाच्या पहिल्याच वचनात तो दुसऱ्याचा न्याय करणाऱ्याकडे वळतो. आपण बहुधा त्याआधीच पुस्तक मिटतो.

आमच्या मते खरा आधार वेगळ्या ठिकाणी आहे. अनुवाद २३:१ प्रमाणे खच्ची केलेल्या पुरुषाला परमेश्वराच्या मंडळीत प्रवेश नाही. यशया ५६ मध्ये देव अशाच षंढांना आपल्या घरात, मुलामुलींच्या नावाहून चांगलं नाव देण्याचं वचन देतो. आणि प्रेषितांची कृत्ये ८ मध्ये कूशी राणीचा षंढ कारभारी रथात बसून यशयाच वाचतोय, ५३ वा अध्याय. षंढांना दिलेलं ते वचन तिथून तीनच अध्याय पुढे आहे! वाटेत पाणी दिसल्यावर तो सोबत बसून येशूची सुवार्ता सांगणाऱ्या फिलिप्पाला विचारतो, मला बाप्तिस्मा घ्यायला काय हरकत आहे? नियम लिहिलेला होता, फिलिप्पाला तो दाखवता आला असता. पण फिलिप्प रथातून उतरून त्या कारभाऱ्याबरोबर पाण्यात जातो. षंढ आणि गे एकच नव्हेत. पण लिहिलेल्या मनाईपुढे उभ्या माणसाशी कसं वागायचं, हे शास्त्रानेच इथे दाखवलंय.

कॅथलिक असाल तर चर्चच्या अधिकृत धर्मशिक्षण ग्रंथाचा (कॅटेकिझमचा) परिच्छेद २३५८ वाचा: आदराने, करुणेने, हळुवारपणे स्वीकार करा, अन्याय्य भेदभाव नको. त्याच्या आधीचा २३५७ मात्र समलिंगी संबंध नाकारतो. १८ डिसेंबर २०२३ च्या व्हॅटिकनच्या घोषणेने समलिंगी जोडप्याला साधा आशीर्वाद द्यायची मुभा दिली, विधी किंवा लग्नाची नाही. चर्चची शिकवण बदलली, असं मुलाला सांगू नका. उद्या तो तोंडघशी पडेल.

आता घरातलं. पहिल्या रात्री वचनं काढू नका; तुझं आमच्याशी नातं आहे तसंच आहे, एवढं बोला. लग्न लावून 'सुटेल' म्हणाल तर एका परक्या मुलीचं आयुष्यही त्यात जाईल. 'बरं करून देतो' म्हणणाऱ्या डॉक्टरपासून लांब राहा: २०२२ मध्ये राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने असे उपचार व्यावसायिक गैरवर्तन ठरवलेत. भूत काढायची प्रार्थनाही नको, तिने मूल फक्त घाबरतं. सगळ्यात जास्त घात होतो प्रार्थनासभेत. "आमच्या मुलासाठी प्रार्थना करा" म्हणून कारण सांगितलं, की रविवारपर्यंत ते सगळ्या मंडळीला ठाऊक होतं, आणि ते सांगायचा हक्क फक्त मुलाचा होता.

पाळकांकडे किंवा फादरांकडे आधी तुम्ही एकटे जा. मुलाचं नाव न घेता तीन गोष्टी विचारा: हे तुमच्यापाशीच राहील का? अशा तरुणाला प्रभुभोजन द्याल का? त्याला कुठे उपचाराला पाठवाल का? पहिल्याचं उत्तर अडखळत आलं, तर उरलेले दोन विचारूच नका. उत्तरं चांगली आली तरी पाळकांना भेटायचं की नाही आणि कधी, हे मुलालाच ठरवू द्या.