तुम्ही विचारलंत म्हणून: ती बाटली आत्याला का दिली नाही

लग्नात, बारशाला, निपाणीच्या स्टँडवर, कुठंही गेलं तरी तोच प्रश्न. तुझ्याकडं कॅन्सरचं औषध होतं म्हणे, मग सख्ख्या आत्याला का दिलं नाहीस? काहीजण मला विचारतात, काहीजण माझ्या आईला गाठून विचारतात आणि ते जास्त लागतं. आत्याला तोंडाचा कॅन्सर होता, पुढं काय झालं ते तुम्हाला सगळ्यांना माहीत आहे, ते परत लिहीत नाही. माझ्या बाजूचं मात्र एकदा सगळं लिहून टाकते.

पहिली गोष्ट, ते औषध नव्हतं. बेळगावला मी ज्या लॅबमध्ये संशोधन करते तिथल्या फ्रीजमध्ये हिरवं पाणी असलेली बाटली होती, त्यात इंडोसायनिन ग्रीन नावाचा डाय, म्हणजे रंगद्रव्य, पीएलजीए नावाच्या शरीरात विरघळणाऱ्या पॉलिमरच्या कणांत भरलेला. कण साधारण १०० नॅनोमीटरचे. डाय जुनाच आहे, १९५० च्या दशकापासून माणसांना देतात, डोळ्यांचे डॉक्टर पडद्यामागच्या रक्तवाहिन्या बघायला तो शिरेतून टोचतात. पण नुसता टोचला तर लिव्हर काही मिनिटांत उचलून पित्तात टाकतं, म्हणून कणांत भरायची सगळी खटपट. कण रक्तात जास्त वेळ फिरतात, गाठीतल्या रक्तवाहिन्या गळक्या असतात तिथून आत झिरपतात, आणि मग बाहेरून ८०० नॅनोमीटर तरंगलांबीच्या आसपासचा, डोळ्याला न दिसणारा लेसर मारला की डाय चमकतो आणि तापतोही. चमकला की गाठ दिसते, तापला की पेशी मरतात. निदान उंदरात तरी.

आता तो दिवस. आत्याचं ऑपरेशन होऊन गाठ परत आली होती, मानेतही उतरली होती, आणि दादा, म्हणजे आत्याचा थोरला, सकाळच्या गाडीनं बेळगावला आला. सीबीटीजवळ, म्हणजे तिथल्या बसस्टँडजवळ, चहा घेत बसलो. त्यानं मोबाईल काढला, त्यात माझाच फोटो होता, म्हणजे मी घरच्या ग्रुपवर आनंदानं टाकलेला, उंदराच्या पाठीवरची गाठ लालभडक चमकतेय तो. म्हणाला, "ही गाठ गेली न्हवं?" मी म्हटलं, गेली. "मग दे की." मी सांगायला लागले की हे माणसाला कधी दिलेलं नाही, बाटली निर्जंतुक नाही, बॅक्टेरियाच्या कवचाचा विषारी अंश त्यात राहिला आणि शिरेतून गेला तर ताप येऊन बीपी कोसळू शकतं. तो ऐकत होता पण बघत फोटोकडंच होता. मग त्यानं बोट ठेवलं, "आणि ह्ये पोटात काय चमकतंय?" लिव्हर, म्हटलं. "मग जास्ती तिथंच गेलंय की."

माझ्या सेमिनारमध्ये हे कुणीही विचारलं नव्हतं. तंबाखूच्या वखारीत वजनकाट्यावर आयुष्य गेलेल्या माणसानं पहिल्याच नजरेत विचारलं. मी खरं तेच सांगितलं, की २०१६ मध्ये दहा वर्षांचे सगळे पेपर एकत्र करून बघितले तेव्हा टोचलेल्या कणांपैकी गाठीत पोचणारे मध्यक, म्हणजे मधला आकडा, धरला तर ०.७ टक्के निघाले, आणि ते बहुतेक उंदरांतलेच. "शंभरात एकसुद्धा न्हाई?" नाही. बराच वेळ गप्प बसला, मग म्हणाला, "तोंडातली गाठ हाय, उजेड तर पोचतोय न्हवं. तशी पण ती ऱ्हात न्हाई. तेवढ्यावर दे."

यातलं उजेडाचं त्याचं अगदी बरोबर होतं. हा उजेड मांसात नीट काम करण्याइतका फार तर सेंटिमीटरभर जातो, म्हणून पोटातल्या गाठीपेक्षा तोंडातली गाठ कधीही सोयीची. पण जबड्याच्या हाडात गेलेली, मानेत उतरलेली? आणि "तशी पण ऱ्हात न्हाई" म्हणून माणसावर काहीही टोचायचं, हे मी करणार नव्हते, आजही करणार नाही. कुणी म्हणतं तुला नोकरीची भीती होती. होती, नाही कशाला म्हणू? पण भीती नसती तरी दिलं नसतं. आत्यानं मला बिड्या वळून वह्या घेऊन दिल्या होत्या, तिला लॅबमधल्या बाटलीनं थंडी वाजून तडफडताना मी बघणार होते का?

पीएचडीच्या सुरुवातीची मी असते तर मात्र वेगळं बोलले असते. तेव्हा मी छाती ठोकून सांगायचे, एकाच कणात तपासणी आणि उपचार दोन्ही. पण डाय कणात दाबून भरला की रेणू एकमेकांची चमक मारतात, तापतात छान पण दिसत नाहीत, आणि पातळ भरला तर दिसतात पण पुरेसे तापत नाहीत. त्या सुरुवातीच्या पोरीला हे कळत नव्हतं असं नाही, तिला वाटायचं की पुढच्या बॅचमध्ये जमेल. मला अजूनही अधूनमधून तसंच वाटतं, नाहीतर रोज लॅबला कशाला गेले असते? अमेरिकेत डाय भरलेल्या सिलिकाच्या, कितीतरी लहान कणांना २०११ मध्ये माणसांवरच्या चाचणीची परवानगी मिळाली, त्यातले बरेचसे लघवीवाटे निघून जातात, लिव्हरचा त्रास कमी. म्हणजे वाट आहे. लांब आहे.

मध्यंतरी दादाचा मेसेज आला. जपाननं २०२० मध्ये डोकं आणि मानेच्या कॅन्सरसाठी डाय आणि लेसरचा उपचार मंजूर केलाय, कुठूनतरी त्याला कळलं होतं. मी लिहिलं, त्यात कण नाहीत, डाय अँटीबॉडीला, म्हणजे गाठीच्या पेशींना चिकटणाऱ्या प्रथिनाला, जोडलेला असतो, आणि माणसांवर चाचण्या झाल्यावरच मंजुरी मिळाली. हेही लिहिलं की गाठ मानेच्या मुख्य धमनीत शिरली असेल तर तो देत नाहीत, आणि आत्याच्या शेवटच्या स्कॅनमध्ये ती धमनीला लागूनच होती. त्यानं उलट लिहिलं, "लागून म्हंजे शिरली असं न्हाई. कुणीतरी बघून तरी सांगितलं असतं." त्याचं म्हणणं बरोबर आहे, आणि ते बघून सांगणारं निपाणीपासून गाडीनं पोचता येईल अशा अंतरावर कुणी नव्हतं, हेही तेवढंच खरं आहे.