जिभेवरचा लाल रंग

दुपारी आजी नातवाला कडेवर घेऊन घोडबंदर रोडवरच्या आमच्या कॅज्युअल्टीत आल्या. मूल अडीच वर्षांचं, वजन 12 किलो. "माझ्या बीपीच्या गोळ्या खाल्ल्या हो यानं, अर्धा तास झाला!" गोळी ॲम्लोडिपिनची. एवढ्या मुलाला दोन-तीन गोळ्यांनीही धोका असतो, आणि ॲक्टिव्हेटेड चारकोलचा, म्हणजे पोटातलं विष धरून ठेवणाऱ्या औषधी कोळशाच्या पुडीचा, खरा उपयोग पहिल्या तासातच. मूल जागं होतं, गिळत होतं. गुंगीत असतं तर तोंडानं दिलाच नसता. फुफ्फुसात गेला की जिवावर बेततं.

किलोला 1 ग्रॅम, म्हणजे 12 ग्रॅम पूड सिस्टर 100 मिली पाण्यात कालवू लागल्या. ही पूड पाण्यावर तरंगते. आधी थोड्या पाण्यात गंधासारखी घोटून मग पातळ करायची, नाहीतर गुठळ्या राहतात.

तेवढ्यात टॉर्चच्या उजेडात जिभेवर आणि दातांच्या फटीत लाल रंग दिसला. आजींची गोळी पांढरी. घरी फोन लावला. मुलाची आई सहा महिन्यांची गरोदर. तिनं मोजून सांगितलं, बीपीचं पाकीट जसंच्या तसं आहे, तिच्या लोहाच्या आठ लाल गोळ्या कमी आहेत. एका गोळीत 60 मिलिग्रॅम लोह, आठांत 480, म्हणजे किलोमागे 40 मिलिग्रॅम. वीसच्या आत सहसा निभावतं, साठच्या वर गंभीर.

चारकोल बाजूला ठेवला. लोह त्याला चिकटतच नाही. लिथियम, मिथेनॉल, ॲसिड, रॉकेल यांनाही तो चालत नाही. शिवाय उलटी आणि शी काळी होते. लोहानं पोटात रक्तस्राव झाला असता तर त्या काळ्यात तो ओळखायचा कसा?

एक्स-रेत पोटात गोळ्यांचे ठिपके दिसले. नाकातून नळी घालून आतडी धुऊन काढणारं पीईजीचं द्रावण तासाला 500 मिली सोडलं, शी पाण्यासारखी स्वच्छ होईपर्यंत. रक्तातलं लोह तपासलं. जादा लोह बांधून बाहेर काढणारं औषध, डेफेरॉक्झामिन, तयार ठेवलं होतं, पण लागलं नाही.

वडिलांनी विचारलं, "घरी पोटातल्या गॅसवरच्या चारकोलच्या कॅप्सूल आहेत, त्या दिल्या असत्या तर?" 250 मिलिग्रॅमच्या कॅप्सूलनं 12 ग्रॅम भरायला 48 लागतात. आणि शेगडीतला कोळसा वेगळाच. औषधी चारकोल इतका सच्छिद्र असतो, की त्याच्या 1 ग्रॅमचा पृष्ठभाग साधारण 1000 चौरस मीटर भरतो. विष चिकटतं ते त्या छिद्रांत. त्यांना एवढंच सांगितलं: घरी काही पाजू नका, उलटी काढू नका, घरातली सगळी पाकिटं पिशवीत घाला आणि मुलाबरोबर घेऊन या.