राजाचं ताट

पुस्तकात जेवणाचं वर्णन आलं की मी तिथेच रेंगाळतो. बायबलमधल्या राजांच्या गोष्टी वाचतानाही लढाया आणि वंशावळी भराभर उलटतो, मुदपाकखान्यापाशी मात्र थांबतो. राजा कसा आहे ते तिथे चटकन कळतं.

इस्राएलचा राजा शलमोन याच्या वाड्यावरचा रोजचा शिधा बायबलमधल्या ‘पहिले राजे’ या पुस्तकाच्या चौथ्या अध्यायात नोंदलाय. ३० कोर सपीठ, ६० कोर साधं पीठ, १० पोसलेले बैल, २० कुरणातले, १०० मेंढरं. हरणं आणि पाखरं वेगळीच. कोर म्हणजे ढोबळमानाने एका गाढवाचं ओझं. नुसत्या पिठासाठी दारात रोज ९० गाढवं! हे पुरवायला १२ अंमलदार, प्रत्येकाकडे वर्षातला एक महिना. (आपल्याच महिन्यात धान्य कमी पडलं तर बिचारा काय करत असेल?) लोकही खाऊनपिऊन सुखात होते, असं तिथेच लिहिलंय. असतील. पण शलमोन गेल्यावर तेच लोक शखेमला त्याच्या मुलासमोर, रहबामासमोर उभे राहिले. बापाने लादलेलं जू जरा हलकं कर, एवढंच मागणं. जाणत्यांनी सांगितलं, ऐक त्यांचं. बरोबरीच्या पोरांनी शिकवलं, ‘माझी करंगळी बापाच्या कमरेपेक्षा जाड आहे’ म्हणावं. त्याने पोरांचं ऐकलं. वेठबिगारीवरचा अधिकारी लोकांनी दगडांनी ठेचून मारला, राजा रथातून यरुशलेमला पळाला आणि राज्य दुभंगलं.

नहेम्या राजा नव्हे, इराणी बादशहाने इ.स.पू. ४४५च्या सुमारास यहूदात, म्हणजे यरुशलेमच्या मुलखात, धाडलेला सुभेदार. आधीचे सुभेदार रयतेकडून अन्न, द्राक्षारस आणि वर ४० शेकेल चांदी घेत. इकडे लोक धान्यापायी शेतं गहाण टाकत होते, पोटची पोरं गुलामीत देत होते. याने १२ वर्षं भत्त्याला हात लावला नाही. पंगतीला मात्र दीडशे माणसं, त्यांच्यासाठी रोज एक बैल, सहा मेंढरं, काही पाखरं. हे सगळं त्यानेच लिहून ठेवलंय आणि ‘देवा, याची आठवण ठेव’ असंही बजावलंय, तेव्हा थोडं हसू येतं. तरी ताटाचा हिशेब मांडणारा सुभेदार मला आवडतो.

दुभंगलेल्या राज्याच्या उत्तर भागाचा राजा अहाब, त्याला मात्र भाजीचा मळा हवा होता. इज्रेलात वाड्याला लागूनच नाबोथाचा द्राक्षमळा. राजाने रीतसर मागितला, बदल्यात चांगला मळा किंवा रोख पैसे देऊ केले. नाबोथ म्हणाला, वाडवडिलांची जमीन आहे, देणार नाही. झालं! राजेसाहेब घरी येऊन तोंड फिरवून पडले, जेवेचनात. (भाजीच्या देठाची आठवण मराठी माणसाला इथे होणारच.) राणी ईजबेल म्हणाली, उठा, जेवा, मळा मी मिळवून देते. तिने राजाच्या नावाने पत्रं लिहिली, त्याचाच शिक्का मारला आणि गावच्या वडीलधाऱ्यांना धाडली. उपास जाहीर करा, नाबोथाला लोकांपुढे मानाच्या जागी बसवा, समोर दोन खोटे साक्षीदार बसवा.

राजा रुसून उपाशी, म्हणून गावाला उपास! आणि गावाने तो पाळला. एकही वडीलधारा म्हणाला नाही की हा नाबोथ आमच्या शेजारचा, याला आम्ही ओळखतो. देवाची आणि राजाची निंदा केली म्हणून त्याला गावाबाहेर नेऊन दगडांनी मारला आणि राणीला तसा निरोप धाडला. अहाब मळा ताब्यात घ्यायला निघाला.

पुढे अहाबाच्या घराण्याची सत्ता येहू नावाच्या सेनापतीने हिसकावली. त्यानेही पत्रंच लिहिली, राजधानी शोमरोनातल्या पुढाऱ्यांना, आणि अहाबाच्या ७० मुलांची मुंडकी मागितली. ही मुलं त्या पुढाऱ्यांच्याच घरी वाढत होती. त्यांनी ती मारली, मुंडकी टोपल्यांत भरली आणि इज्रेलला पाठवून दिली.