आमची वाटचाल : २४५ मिलिमीटर सरळ

आम्ही रेल्वेच्या डब्यांची छोटी मॉडेल्स बनवतो, खऱ्या डब्याच्या १:८७ प्रमाणात, ज्याला एचओ म्हणतात. आयसीएफ डब्याची, म्हणजे चेन्नईच्या इंटिग्रल कोच फॅक्टरीच्या जुन्या रचनेच्या डब्याची, बॉडी २१,३३७ मिलिमीटर लांब असते. तिला ८७ ने भागलं की २४५ मिमी आणि वर थोडं उरतं. तेवढ्या लांबीची, ३७ मिमी रुंदीची पोकळ पेटी पातळ प्लॅस्टिक शीटमधून उभी करायची आणि ती वर्षानुवर्षं सरळ ठेवायची, हे फोंड्यातल्या आमच्या छोट्या कार्यशाळेचं काम. पेटी उभी करणं लवकर जमतं. ती सरळ ठेवायला शिकण्यात मात्र धंद्याची बहुतेक वर्षं गेली. म्हणून आमची वाटचाल सांगायची तर डबे का वाकतात, त्या कारणांच्या ओळीनेच सांगावी लागेल.

सुरुवात सनबोर्डवर झाली, कारण तो म्हापसा, मडगाव, फोंडा, कुठेही पाट्या करणाऱ्यांकडे मिळतो. पण सनबोर्ड म्हणजे फुगवलेलं पीव्हीसी. त्याची कड स्पंजासारखी असते, रंग पिते, आणि दोन खिडक्यांमधला बारीक खांब हाताळतानाच दबतो. लेझरवरही तो घालता येत नाही. पीव्हीसी जळलं की त्यातून आम्लाचा वायू निघतो, तो माणसालाही वाईट आणि यंत्रालाही. मग अ‍ॅक्रिलिककडे वळलो. लेझरने खिडक्या सुंदर कापल्या गेल्या, पण कापलेल्या कडेत ताण राहतो. तिथे चिकटवायचं क्लोरोफॉर्म लागलं की केसासारख्या भेगा पसरतात. अ‍ॅक्रिलिक आता आम्ही फक्त फर्मे बनवायला वापरतो.

शेवटी स्थिरावलो ते हाय इम्पॅक्ट पॉलिस्टायरीनवर, म्हणजे ज्या शीटपासून पॅकिंगचे ट्रे ओढतात तीच. बाजूंची बाहेरची आणि आतली कातडी प्रत्येकी ०.५ मिमी, टोकाच्या भिंती आणि आतल्या आडव्या भिंती १ मिमी, जमीन १.५ मिमी, पन्हळ आणि दाराच्या चौकटीसाठी ०.२५ मिमीच्या पट्ट्या. इथे नवखा हमखास चुकतो तो वजाबाकीत. पूर्ण रुंदी ३७.३ मिमी. दोन बाजूंची जाडी मिळून २ मिमी. म्हणून टोकाची आणि आतली भिंत ३५.३ मिमीचीच कापायची. एकच भिंत अर्धा मिमी जास्त राहिली तरी डब्याला मधे पोट सुटतं, आणि नंतर कितीही कानस मारली तरी ते जात नाही.

शीटला दिशा असते, हे आम्हाला उशिरा कळलं. ती यंत्रातून ज्या दिशेने ओढली गेली, त्या दिशेने तिच्यात ताण गोठलेला असतो. एक बाजू शीटच्या लांबीत आणि दुसरी रुंदीत कापली तर दोन्ही वेगवेगळ्या वागतात आणि डबा पिळवटतो. आता शीट आली की आधी कोपऱ्यात पेन्सिलीने बाण काढतो, आणि एका डब्याच्या चारही कातड्या एकाच शीटमधून, एकाच बाणाच्या दिशेने कापतो.

कापणं म्हणजे खरं तर चरा पाडून मोडणं. स्टीलची पट्टी धरून कटरच्या नव्या पात्याने पहिला हात फक्त पात्याच्या वजनाचा, दुसरा आणि तिसरा थोडा दाबून, मग वाकवून मोडायचं. पहिल्याच हाताला जोर लावला तर पातं पट्टीपासून पळतं. शिवाय चऱ्याच्या दोन्ही अंगांना प्लॅस्टिक वर येऊन कडा उभी राहते. ती पातं आडवं धरून खरवडून काढली नाही तर पुढचा सांधा नीट बसत नाही.

खिडक्यांवर सगळ्यात जास्त विचार झाला. ७२ बर्थच्या स्लीपरमध्ये ९ कप्पे, प्रत्येक कप्प्याला दोन खिडक्या, म्हणजे एका बाजूला १८ आणि दोन्ही मिळून ३६. त्याशिवाय शौचालयांच्या वेगळ्या. पाच डब्यांचा रेक म्हटला की १८० खिडक्या आणि ७२० कोपरे. ते एकेक कोरून काढले तर ओळ कुठेतरी चुकतेच. एकटी खिडकी किंचित वाकडी असेल तर डोळ्याला कळत नाही, पण अठरा खिडक्यांच्या रांगेत ०.२ मिमीचा फरकही लगेच खुपतो. म्हणून आम्ही खिडक्या कापणं सोडून बाजू रचायला लागलो. खिडकीखालची अख्खी पट्टी, खिडकीवरची अख्खी पट्टी, आणि मधे एकाच मापाचे खांब. खांब एका लांब पट्टीतून अडणी लावून तोडायचे, म्हणजे सगळे एका उंचीचे होतात. अंतर राखायला खिडकीच्या रुंदीचा अ‍ॅक्रिलिकचा ठोकळा मधे ठेवायचा. आतल्या कातडीतली खिडकी चारही अंगांनी अर्धा मिमी मोठी ठेवायची, म्हणजे काच बसायला खाच आपोआप तयार होते. ज्याला एकच डबा करायचा आहे त्याने हीच रीत धरावी.

रेकच्या ऑर्डरी वाढल्यावर पाट्यांच्या दुकानातलं व्हिनाइल कापायचं प्लॉटर आमच्या कामी आलं. ते ०.५ मिमीची शीट आरपार कापू शकत नाही, पण अचूक चरा पाडतं. बाकीचं हाताने मोडायचं. लेझर इथे चालत नाही, कारण पॉलिस्टायरीन वितळतं आणि कडेला मणी धरतं.

आता चिकटवण्याबद्दल, कारण डबे इथेच बिघडतात. पॉलिस्टायरीनला गोंद लागत नाही. द्रावक दोन्ही पृष्ठभाग विरघळवतं, ते एकमेकांत मिसळतात, द्रावक उडून जातं आणि सांधा एकजीव होतो. क्लोरोफॉर्म इथे फार जोरकस पडतं, ०.२५ मिमीची पट्टी त्यात लोळागोळा होते. मेथिलीन क्लोराइड झटपट धरतं. एमईके (मिथिल इथिल कीटोन) थोडं सावकाश, म्हणून तुकडा सरकवायला वेळ देतं. लांब सांध्याला आम्ही एमईके वापरतो. भाग आधी कोरडेच गुण्याला लावून जुळवायचे आणि बारीक कुंचल्याचं टोक फक्त सांध्याच्या एका टोकाला टेकवायचं. द्रव फटीतून आपोआप धावतो. सांध्यावरून कुंचला ओढत नेणं ही चूक. त्याने पृष्ठभाग खराब होतो आणि प्लॅस्टिकमध्ये नको तितकं द्रावक मुरतं.

मुरलेलं द्रावक हाच आमचा सगळ्यात मोठा शत्रू ठरला. दोन कातड्या एकमेकींवर पूर्ण ओल्या करून चिकटवल्या की मधलं द्रावक बाहेर पडायला वाट उरत नाही. डबा त्या दिवशी सरळ दिसतो, रंगवला जातो, गिऱ्हाइकाकडे जातो. मग काही महिन्यांनी बाजू आत ओढली जाते किंवा खिडकीखाली खड्डा पडतो. असे परत आलेले डबे आम्ही चिरून पाहिले. खड्डा नेमका तिथेच होता, जिथे दोन शीटांच्या मधे द्रावकाचं तळं साठलं होतं.

त्यानंतर तीन नियम केले. आतल्या कातडीला दर १० मिमीवर १ मिमीची भोकं पाडायची, म्हणजे वाफेला वाट मिळते. द्रावक पूर्ण पृष्ठभागाला न लावता कडा आणि या भोकांतूनच सोडायचं. आणि चिकटवलेली बाजू जाड काचेवर ठेवून, वर वजन देऊन दोन दिवस, मग मोकळ्या हवेत आणखी सात दिवस ठेवायची, त्याआधी रंगाचं नाव काढायचं नाही. गिऱ्हाइकाला उशीर वाटतो. पण हे दिवस कमी करण्याचा एकही उपाय आम्हाला सापडलेला नाही, आणि उन्हात ठेवून वेळ वाचवणं तर मुळीच करू नये.

पावसाळ्यात आणखी एक गोष्ट. मेथिलीन क्लोराइड इतक्या वेगाने उडतं की सांधा गार पडतो आणि गोव्याच्या दमट हवेतलं पाणी त्यावर धरतं. पांढरी झाक दिसली की समजावं. जून ते सप्टेंबर ते बाटलीतच राहतं. ही द्रावकं श्वासाला घातक आहेत. पाऊस आत येतो म्हणून खिडक्या लावून घेऊन काम करू नये. बाहेर हवा फेकणारा पंखा हवाच. बाटली लाकडी ठोकळ्यात खाच करून बसवावी, ती कलंडली तर अख्ख्या आठवड्याचं काम त्यात विरघळतं.

छत उकळत्या पाण्याने वळवतो. ०.७५ मिमीची शीट नळीवर कापडी पट्ट्यांनी घट्ट बांधायची, पाण्यात काही मिनिटं बुडवायची आणि नळीवरच पूर्ण गार होऊ द्यायची. नळी लोखंडाची किंवा अ‍ॅल्युमिनियमची घ्यावी. पीव्हीसीची घेतली तर शीटच्या आधी तीच मऊ होते. छताचा वाक सगळीकडे सारखा नसतो, मधे पसरट आणि कडेला जास्त. म्हणून नळीवरचा वाक हा फक्त पाया. खरा आकार आडव्या भिंतींच्या डोक्यावर कापलेली कमान देते. या भिंती सारख्या अंतरावर येतील अशा ठेवतो. स्लीपरमध्ये त्या कप्प्यांच्या खऱ्या भिंतींच्या जागीच येतात.

छत आणि बाजू कायमच्या जोडतो आणि जमीन एम-२ स्क्रूने काढता येईल अशी ठेवतो. यालाही कारण आहे. पॉलिस्टायरीन उष्णतेने बरंच वाढतं. २० अंशांच्या फरकाला २४५ मिमीत सुमारे ०.३ मिमी. लोखंडी वजनाची पट्टी जमिनीला दोन्ही टोकांनी पक्की केली तर प्लॅस्टिक वाढतं, लोखंड तेवढं वाढत नाही, आणि जमीन धनुष्यासारखी होते. पट्टी मधे एकाच ठिकाणी चिकटवावी. वजनाचा अमेरिकेतल्या मॉडेल रेल्वेवाल्यांच्या संघटनेचा ठोकताळा आम्ही पाळतो: एक औंस, अधिक दर इंच लांबीला अर्धा औंस. आयसीएफ डब्याला ते १६५ ग्रॅमच्या आसपास येतं.

काचेसाठी पारदर्शक पीईटी प्लॅस्टिकची शीट. ती फेविक्विकने कधीच लावू नये, त्याच्या वाफेने काचेवर पांढरं धुकं धरतं. पांढरा फेव्हिकॉल थोडा लावून रात्रभर ठेवला की पुरतो.

बोगीबद्दल एक खुलासा. बोलताना आपण अख्ख्या डब्यालाच बोगी म्हणतो. इथे बोगी म्हणजे डब्याखालची चार चाकांची गाडी. आयसीएफच्या दोन बोग्यांच्या मध्यबिंदूंतलं अंतर १४,७८३ मिमी, म्हणजे आपल्याकडे १७० मिमी. चाक ९१५ मिमीचं, म्हणजे १०.५ मिमी, आणि हे चाक बाजारात तयार मिळतं. एक बोगी सगळीकडे डुलेल अशी सैल आणि दुसरी फक्त वळेल अशी बसवायची. दोन्ही सैल ठेवल्या तर डबा झुलतो, दोन्ही घट्ट केल्या तर रुळाच्या पहिल्याच उंचवट्यावर चाक उचललं जातं.

जाणकार गिऱ्हाईक रुळाच्या रुंदीवर बोट ठेवतात, आणि ते बरोबर आहेत. एचओचा रूळ १६.५ मिमीचा आणि आपला ब्रॉडगेज १,६७६ मिमीचा. १:८७ ला तो १९.३ मिमी व्हायला हवा. १६.५ मिमीच्या रुळाला शोभणारं प्रमाण खरं तर १:१०० च्या जवळ येतं. पण इंजिनं, चाकं, कपलर (डबे एकमेकांना जोडणारे आकडे) सगळं एचओत मिळतं, म्हणून आम्ही ही तडजोड उघडपणे सांगून स्वीकारतो. मीटरगेजला हा प्रश्न जवळजवळ उरत नाही. १,००० मिमीचे ११.५ होतात आणि १२ मिमीचा रूळ मिळतो. १८८० च्या दशकात मुरगाव बंदरापासून कॅसलरॉककडे गेलेला आणि १९९० च्या दशकापर्यंत मीटरगेजच असलेला आपला मार्ग टेबलावर उतरवायचा असेल, तर हीच वाट धरावी, असं आम्ही आवर्जून सांगतो.

एलएचबीची, म्हणजे जर्मन रचनेच्या नव्या डब्यांची, मागणी आता जास्त आहे. आयसीएफ डबे बनणं २०१८ मध्ये थांबलं आणि कोकण रेल्वेवर लाल-करडे रेक दिसू लागले. एलएचबीची बॉडी २३,५४० मिमी, पण बोग्यांतलं अंतर १४,९०० मिमीच. म्हणजे आपल्या प्रमाणात डबा २५ मिमी वाढतो आणि बोग्या जेमतेम १.३ मिमी लांब जातात. बाकीची सगळी वाढ टोकांना लटकते. १८ इंच त्रिज्येच्या वळणावर हे टोक रुळाच्या मध्यापासून जवळपास १२ मिमी बाहेर फेकलं जातं. आयसीएफचं साडेआठच. फलाटाची कड तिथे घासते आणि बॉडीला पक्का केलेला कपलर शेजारच्या डब्याला रुळावरून ओढून काढतो. त्यामुळे ऑर्डर घेताना आमचा पहिला प्रश्न रंगाचा नसतो, तुमचं सगळ्यात तीव्र वळण किती इंचांचं, हा असतो. २४ इंचांखाली एलएचबी देत नाही.

रंगात एकच धोका मोठा: गाड्यांच्या डुको रंगाचं एनसी (नायट्रोसेल्युलोज) थिनर पॉलिस्टायरीन खातं. उघड्या प्लॅस्टिकवर अ‍ॅक्रिलिक प्रायमर, तोही दोन-तीन विरळ हातांत. निळ्या रेकला आधी फिकट निळा, मग खिडक्यांचा पट्टा टेपने झाकून गडद निळा. भर पावसात रंग मारत नाही, तो दुधाळ होतो. म्हणून चवथीला हातात हवा असलेला रेक मे महिन्यातच रंगून झालेला असावा लागतो.

डबा बाहेर जाण्याआधी बोग्या काढून, जमिनीचे स्क्रू आवळून, आठ दिवस जाड काचेवर ठेवतो. नवव्या दिवशी काच आणि बॉडीच्या खालच्या कडेमध्ये ०.३ मिमीची फीलर पट्टी चारही अंगांनी सरकवून पाहायची. कुठेही आत गेली तर डबा थांबतो. सोबतच्या कागदावर ठळक अक्षरात एकच सूचना असते: उन्हात उभ्या असलेल्या कारमध्ये हा खोका ठेवू नका.