बोबडी आधी की भीती?

"घाबरतोस म्हणून अडखळतोस, की अडखळतोस म्हणून घाबरतोस?" नातेवाईक विचारायचे. हल्ली तोतरं बोलणाऱ्या मुलांचे आईबाप विचारतात. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा सविस्तर सांगतो.

आपल्या भाषेने या प्रश्नाचा निकाल कधीच लावून टाकलाय. घाबरलेल्याची बोबडी वळते, चोरी पकडली गेली की त-त-प-प होतं. म्हणजे अडखळणारा एकतर भित्रा, नाहीतर लबाड. शाळेत 'बोबडी वळणे'चा वाक्यात उपयोग करायला सांगितला की अख्खा वर्ग माझ्याकडे वळायचा.

खरा क्रम उलटा आहे. तोतरेपणा बहुधा 2 ते 5 या वयात सुरू होतो, आणि त्या वयात लोक काय म्हणतील याची कोणाला फिकीर असते? तो बऱ्याचदा घराण्यात असतो, काही जनुकांशी त्याचा संबंध सापडलाय, आणि बोलण्याच्या हालचाली जुळवणाऱ्या मेंदूच्या भागांत फरकही दिसतात. शंभरातली साधारण 5 मुलं कधी ना कधी यातून जातात, बहुतेकांचा तो आपोआप थांबतो. मोठेपणी शंभरात एखाद्याचा उरतो. तो एखादा मी.

एकटा असताना मी घडाघडा बोलतो. हे ऐकलं की लोक म्हणतात, "बघ, सगळं मनाचंच आहे." पण भरलेल्या सभागृहात, सगळ्यांच्या सुरात सूर मिसळून प्रार्थना म्हणतानाही मी अडखळत नाही. तिथे तर शेकडो डोळे असतात! नुसत्या भीतीने याचा उलगडा होत नाही.

भीती मी नंतर शिकलो, वर्गात. धडा पाळीपाळीने वाचायचा असे. पुढे सहा मुलं असली की सातवा परिच्छेद माझा. तो आधीच हेरून पहिला शब्द बघायचो. 'क'ने सुरू होणारा असला तर संपलंच, पुढचा धडा कानावर पडायचाच नाही. पाळी येईपर्यंत जबडा आवळलेला, आणि मग शब्द अडकायचाच. तोतरेपणा भीतीने जन्माला घातला नव्हता, पण आता ती त्याला खाऊपिऊ घालत होती. त्यात कोणीतरी "शांतपणे बोल, श्वास घे" म्हणायचं. (हे ऐकून शांत झालेला माणूस मला अजून भेटायचाय.)

मग लपवायला शिकलो. अवघड शब्द दिसला की सोपा घ्यायचा, नाहीतर "म्हणजे काय की" म्हणत वेळ काढायचा. फक्त स्वतःच्या नावाला समानार्थी शब्द नसतो. नाव सांगताना अडलो की समोरचा हसून विचारणार, "विसरलास की काय?" अठराव्या वर्षापर्यंत मी इतका तरबेज झालो की मित्र म्हणू लागले, तुझं तर गेलंच. त्या काळात मी रोज अंथरुणात पडून उद्याची वाक्यं बदलत असायचो. माझं अडखळणं सर्वांत कमी ऐकू यायचं तेव्हाच मी सर्वांत जास्त घाबरलेला होतो. जोसेफ शीहन या मानसशास्त्रज्ञाने तोतरेपणाला हिमनगाची उपमा दिली होती. तो स्वतः अडखळायचा, त्यामुळे पाण्याखाली काय असतं हे त्याला ठाऊक होतं.

ऑस्ट्रेलियातल्या एका अभ्यासात (2008) तोतरं बोलणाऱ्या प्रौढांना बोलण्याच्या तंत्राबरोबर चिंतेवरचे मानसोपचारही दिले गेले. त्या उपचारांनी भीती आणि टाळाटाळ कमी झाली, अडखळण्यात मात्र त्यांनी वेगळा फरक पडला नाही. मला हे वाचून हायसं वाटलं, कारण माझंही तसंच झालं होतं. आता मी चारचौघांत जास्त अडखळतो आणि जास्त बोलतो.

म्हणून एखादे आईबाप जेव्हा सांगतात, "आता खूप कमी झालंय हो त्याचं," तेव्हा मी विचारतो, तो फोन स्वतः उचलतो का? बहुतेक वेळा ते एकमेकांकडे बघतात.