तुम्ही विचारलंत म्हणून: जुनी होबी १६ घेताना

‘पूर्वी शिडाची होडी चालवत होतो, मग नोकरी-संसारात सुटलं. आता पुन्हा सुरुवात करायची आहे, पण पैसे बेताचे आहेत. जुनी छोटी कॅटामरान घेऊ का?’ अमेरिकेत राहणारी मराठी मंडळी हा प्रश्न वरचेवर विचारतात. माझं उत्तर ठरलेलं आहे: घ्या, होबी १६ घ्या, पण शिडं पाहून नको, हल पाहून घ्या. हल म्हणजे कॅटामरानची पाण्यावर तरंगणारी ती दोन पोकळ अंगं.

होबी १६च का? १९७० च्या आसपास कॅलिफोर्नियात होबी ऑल्टर यांनी ही होडी आणली आणि ती इतकी खपली की आजही जवळजवळ प्रत्येक सुटा भाग नवा मिळतो. स्वस्त जुन्या होडीत याहून मोठा गुण नाही. लांबी १६ फूट ७ इंच, रुंदी जेमतेम ८ फूट, वजन १४५ किलो. हलच्या तळातून पाण्यात घालायची पाती नाहीत, त्यामुळे ती थेट वाळूवर चढते. ट्रेलरसकट चालती होडी साधारण हजार ते तीन हजार डॉलरला मिळते. फुकट मिळणारी बहुधा सर्वांत महाग पडते, कारण नवी शिडं, तारा आणि ट्रॅम्पोलिन (दोन हलच्या मध्ये ताणलेलं बसायचं कापड) मिळून चांगल्या जुन्या होडीची किंमत सहज ओलांडतात.

आता हल. त्याच्या भिंतीत मध्ये फोम आणि दोन्ही बाजूंना फायबरग्लासचं कवच, अशी बांधणी असते. वर्षानुवर्षं उन्हात तापून आणि लाटांवर लवून कवच फोमपासून सुटतं. सगळ्यात आधी सुटतं ते पुढच्या आडव्या दांड्याच्या पुढचा फूट-दोन फूट भाग, वरच्या बाजूला. तिथे दोन्ही अंगठ्यांनी जोर लावून दाबा. दबलं किंवा कुरकुर ऐकू आली तर जागा मऊ झाली आहे. मग नाण्याने टकटक करत संपूर्ण हल तपासा. धड जागा खणखणीत बोलते, सुटलेली बद्द वाजते. तळहाताएवढा डाग दुरुस्त होतो: आधी हल आतून पूर्ण कोरडा करायचा, मग फक्त बाहेरच्या कवचाला इंच-इंच अंतरावर ३ मिलिमीटरची भोकं पाडायची आणि सिरिंजने पातळ इपॉक्सी सोडायचं. शेजारच्या भोकातून ते बाहेर आलं की त्याला टेप लावून पुढे सरकायचं. डाग याहून मोठा असेल किंवा दांड्याच्या खांबांपर्यंत पोचला असेल, तर किंमत कितीही उतरली तरी परत फिरा. भर वाऱ्यात तिथेच हल मोडतो.

होडी एका कुशीवर कलवून तळही बघा. वाळूवरून ओढून ओढून तळाची धार झिजते. जेलकोट (वरचा गुळगुळीत थर) जाऊन काचेचे धागे दिसत असतील, तर इपॉक्सीत भिजवलेल्या फायबरग्लासच्या पट्ट्यांचे दोन-तीन थर द्यावे लागतील. मोटारीच्या पत्र्याला लावायची लांबी (पुटी) तिथे टिकत नाही. शेवटी एका हलचं पुढचं टोक उचलून पाहा. दुसरं लगेच मागोमाग उठायला हवं. ते बराच वेळ जमिनीवरच राहिलं, तर सांगाडा ढिला झाला आहे.

तारांच्या बाबतीत मी कडक आहे. वय माहीत नसलेल्या तारा पहिल्या फेरीआधीच बदला. डोलकाठीला दोन्ही बाजूंनी धरणाऱ्या दोन, पुढची एक, आणि ती खाली जिथे दोन हलकडे दुभागते तिथल्या दोन. तार तुटते ती दाबून बसवलेल्या टोकापाशी, आणि प्लॅस्टिकचं आवरण असेल तर आतला गंज दिसतही नाही. फडकं फिरवून बघा. एक धागा जरी अडकला तरी ती तार बाद. या होडीची एक गंमत पुष्कळांना चकवते. जीब (पुढचं छोटं शीड) ताणून चढवली की तिच्या कडेतली तार भार घेते आणि पुढची तार लोंबते. तसंच असायला हवं. मात्र जीब उतरली की डोलकाठी त्याच तारेवर उभी असते, म्हणून तिच्याकडे दुर्लक्ष नको.

डोलकाठी साडेसव्वीस फूट आणि अ‍ॅल्युमिनियमची. विजेच्या तारांना लागून माणसं दगावल्यावर १९८० च्या दशकाच्या मध्यापासून अमेरिकेत तिचं वरचं टोक फायबरग्लासचं केलं गेलं. तरीही ती उभी करण्याआधी, आणि उभी असताना होडी हलवण्याआधी, वर बघायचं.

सुकाणू हाताला फार जड लागत असेल, तर दोष बहुधा सुकाणूच्या पात्यात असतो. ते पूर्ण खाली बसत नाही, कारण खटका किंवा त्याची भोकं झिजलेली असतात. दुरुस्ती स्वस्त आहे. ट्रॅम्पोलिनची शिवण नखाने खरवडा. दोरा तुटला तर उन्हाने कुजला आहे. उजव्या हलच्या मागच्या भिंतीवर बारा अक्षर-अंकी क्रमांक असतो (१९७२ च्या शेवटापासून तो सक्तीचा आहे). तो कागदपत्रांशी जुळवा, आणि ट्रेलरचे कागद वेगळे मागा.

वजनाचं मात्र कोणी आधी सांगत नाही. उलटलेली होबी १६ सरळ करायला दोघांचं मिळून सुमारे १३५ किलो वजन लागतं. एकटेच जाणार असाल तर पाणी भरून लटकवायची पिशवी बाळगा, नाहीतर सरळ १३ फुटी होबी वेव्ह शोधा. तिचे हल प्लॅस्टिकचे, शीड एकच, आणि उलटली तर आवरणं कितीतरी सोपं.

एकहली होडीची सवय असलेल्यांची ही होडी पहिल्या दिवशी वाऱ्यासमोर वळताना मध्येच अडकते. वेग ठेवून वळा, नाळ (होडीचं पुढचं टोक) वाऱ्यापार जाईपर्यंत जीब जुन्याच बाजूला ठेवा आणि मोठं शीड थोडं ढिलं सोडा.

परतल्यावर मागची बुचं काढून पाणी मोजा. कपभर चालतं. बादलीभर निघालं तर बुचाच्या भोकातून तोंडाने हवा फुंकायची आणि सांध्यांवर साबणाचं पाणी लावायचं. बुडबुडे येतील तिथे गळती. कॉम्प्रेसर कधीच लावू नका, सांधा उकलतो.